अंजूरचे गंगाजी नाईक आणि आपण

भिवंडीहून ठाण्याकडे जाणाऱ्या प्रत्येकाला अंजूरफाटा हे नाव परिचयाचे आहे. वसई-दिवा लोहमार्गावरचे भिवंडी रोड स्थानक याच फाट्याजवळ आहे. वसईहून कामण, खारबाव करीत इकडे नोकरीधंद्यासाठी येणारी आपली ख्रिस्ती कुटुंबे तेथेच उतरतात आणि यंत्रमागांच्या खडखडाटात आपापल्या वाटेने निघून जातात. ज्या गावावरून या फाट्याला नाव पडले, ते अंजूर मात्र थोडे बाजूला, खाडीच्या अंगाला आहे. तेथे नाईक घराण्याचा जुना वाडा आहे, वाड्यात सिद्धिविनायकाची मूर्ती आहे. आणि ही मूर्ती चिंचवडच्या देव घराण्याकडून आपल्या पूर्वजाला प्रसाद म्हणून मिळाली, असे त्या घराण्याची परंपरा सांगते. तो पूर्वज म्हणजे अठराव्या शतकातील गंगाजी नाईक अंजूरकर.

या गंगाजी नाईकांचे चरित्र ख्रिस्ती त्रैमासिकाच्या वाचकांपुढे मांडण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न कोणी विचारील. उत्तर सरळ आहे. उत्तर कोकणातील पोर्तुगीज सत्ता १७३९ साली संपुष्टात आली. ती संपावी म्हणून ज्या स्थानिक माणसांनी पेशव्यांच्या दारी खेटे घातले, त्यांत गंगाजी नाईक आणि त्यांचे बंधू अग्रभागी होते. त्या वर्षी पोर्तुगीज अधिकारी, सरदार आणि युरोपीय मठवासी गलबतांत बसून निघून गेले. आपले पूर्वज मात्र शेतांत, वाड्यांत आणि कोळीवाड्यांत मागे राहिले. आजचा आपला समाज म्हणजे त्या मागे राहिलेल्यांची संतती होय. म्हणून गंगाजींच्या चरित्राचे शेवटचे पान जेथे मिटते, तेथे आपल्या घराण्यांच्या इतिहासाचे एक पान उघडते.

पूर्वजांचा शोध ही तशी जगभरची हौस आहे. इंग्लंडमध्ये एखाद्या कुटुंबाला आपला कोणी खापरपणजोबा अठराव्या शतकात एखाद्या लहानशा शहराचा मेयर होता असे कळले, तर त्याचा माग काढणे फारसे कठीण जात नाही. त्या देशात प्रत्येक धर्मग्रामाने बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंदवही ठेवावी, असा हुकूम १५३८ सालीच सुटला होता. शिवाय नगरसभेची इतिवृत्ते, मृत्युपत्रे आणि थडग्यांवरील शिलालेख असतातच. आपल्या मुंबईतही हे पद अठराव्या शतकात आले. इंग्लंडचा राजा पहिला जॉर्ज याने १७२६ साली दिलेल्या सनदेनुसार मुंबईत एक मेयर आणि नऊ आल्डरमन यांचे न्यायालय नेमले गेले आणि १७२८ साली त्याचे काम सुरू झाले. त्या मेयरांची नावे कंपनीच्या दप्तरात आजही सापडतात.

खाडीच्या अलीकडे, भिवंडी-कल्याणच्या मुलखात मेयर नव्हता. येथे गावगाडा होता. पाटील, कुळकर्णी, देशमुख, नाईक हे वतनदार गावचे आणि महालाचे म्होरके. सारा वसूल करणे, तंटा तोडणे, सरकारपुढे गावाची बाजू मांडणे आणि प्रसंगी हत्यारबंद माणसे उभी करणे ही त्यांची कामे होती. त्यांचा माग काढायचा तो वतनाच्या कागदांतून, बखरींतून आणि घरोघरी सांगितल्या जाणाऱ्या कथांतून. गंगाजी नाईकांच्या बाबतीत असा माग उपलब्ध आहे, कारण 'साष्टीची बखर' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या बखरीत अंजूरकर नाईकांच्या खटपटींची हकीगत आलेली आहे.

येथे वाचकांनी एक खुलासा ध्यानात ठेवावा. साष्टी हे नाव दोन प्रदेशांना आहे. एक गोव्यातील साष्टी, जेथे फादर थॉमस स्टीफन्स यांनी धर्मकार्य केले. दुसरी ठाणे-वांद्रे यांच्या दरम्यानची साष्टी, म्हणजे आजच्या मुंबईच्या उपनगरांचा मुलूख. बखरीतील साष्टी ती ही दुसरी. वसई आणि तिच्या आसपासचा प्रदेश पोर्तुगीजांना १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाकडून मिळाला होता. भिवंडी-कल्याणचा मुलूख पेशव्यांच्या अमलाखाली आला तो १७२० च्या सुमारास. अशा रीतीने ठाण्याची खाडी ही दोन राज्यांमधली सीमा होऊन बसली. पण माणसांच्या सोयरिकी राज्यांच्या सीमेपाशी थांबत नाहीत. गंगाजींचे जातभाई खाडीच्या दोन्ही तीरांवर राहत होते, आणि पैलतीरावर त्यांचे काय चालले आहे ते अंजुरात कळत होते.

पैलतीरावर काय चालले होते, हे आपण ख्रिस्ती लोकांनी डोळे उघडे ठेवून वाचले पाहिजे. गोव्यात धर्मन्यायालयाची, म्हणजे इन्क्विझिशनची स्थापना १५६० साली झाली आणि वसई प्रांतही त्याच्या कक्षेत होता. त्याच्या आदल्याच वर्षी निघालेल्या राजाज्ञेने वडील नसलेल्या हिंदू बालकांना ख्रिस्ती पालकांच्या हवाली करण्याची वाट मोकळी केली. हिंदूंच्या जाहीर पूजाविधींवर व समारंभांवर वेळोवेळी बंदी येत असे. मालाडच्या अंताजी रघुनाथांसारखे प्रतिष्ठित वतनदार याच जाचाला कंटाळून पोर्तुगीजांविरुद्ध उभे राहिले. गंगाजी नाईकांच्या मनातील आगीला इंधन मिळाले ते येथून. बखरीचा सारा रोख याच एका दुःखावर आहे.

याचा अर्थ वसई-साष्टीतील प्रत्येक बाप्तिस्मा तलवारीच्या धाकाने झाला, असा मुळीच नव्हे. दुष्काळात अन्न देणारे, अनाथांना जवळ करणारे, शाळा व रुग्णालये चालविणारे मठवासी त्याच काळात होते. याच वसईच्या मातीत जन्मलेले गोन्सालो गार्सिया १५९७ साली नागासाकी येथे क्रूसावर प्राणार्पण करून गेले. त्यांच्या श्रद्धेवर कोणी जबरदस्तीचा शिक्का मारू शकणार नाही. तथापि राजसत्ता आणि धर्मप्रसार यांची गाठ एकदा मारली गेली की सुवार्तेच्या आवाजात शिपायाचा आवाज मिसळतो. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १२ मार्च २००० रोजी, महाजयंती वर्षातील क्षमायाचनेच्या दिवशी, सत्याच्या सेवेच्या नावाखाली ख्रिस्तसभेच्या लेकरांनी वापरलेल्या बळजबरीबद्दल परमेश्वराची जाहीर क्षमा मागितली. पोपमहोदय जे मोठ्या वेदीवरून म्हणाले, ते आम्ही आपल्या लहानशा धर्मग्रामात म्हणायला कचरण्याचे कारण नाही.

आता मोहिमेकडे वळू. बाजीराव पेशवे व त्यांचे धाकटे बंधू चिमाजी आप्पा यांनी साष्टीवर स्वारीचा बेत केला तो १७३७ साली. ठाण्याचा किल्ला बांधायला पोर्तुगीजांनी १७३० साली सुरुवात केली होती, पण सात वर्षांनंतरही तो अपुराच होता. हीच वेळ साधायची, हे खाडीकाठच्या माणसांना ठाऊक होते. भरती केव्हा येते, कोठल्या ठिकाणी होड्या लागतात, चिखल कोठे आणि पायवाट कोठे, हे ज्ञान पुण्याहून घोड्यावर आलेल्या सरदारापाशी कोठून असणार? ते अंजूरकरांसारख्या स्थानिकांपाशी होते आणि त्यांनी ते मराठी फौजेला दिले. ठाणे पडले. तेथे असलेला पोर्तुगीज सेनापती लुईस बोतेल्यु करंजाकडे निसटला. साष्टी मराठ्यांच्या हाती आली. वसईचा किल्ला मात्र आणखी दोन वर्षे झुंजत राहिला.

जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी आप्पा स्वतः उत्तर कोकणात उतरले. माहीम-केळवे पडले, तारापूर पडले, पण तेथे बाजी भिवराव रेठरेकर हे मोहरा कामी आले. मग सारी फौज वसईभोवती एकवटली. तटाखाली सुरुंग पेरले गेले, काही उडाले, काही उलटले, खिंडारात दोन्ही बाजूंची माणसे पडली. अखेर १६ मे १७३९ रोजी किल्ल्याचा मुख्य अधिकारी कायतान द सौझ परेर याने तहाला मान्यता दिली. भिवंडी तालुक्यातील वज्रेश्वरीचे देवालय हे चिमाजी आप्पांनी या मोहिमेत बोललेल्या नवसाचे फळ आहे, हे आपल्या परिसरातील सर्वांना माहीत आहेच.

येथवरची कथा वाचताना शोधकाने तीन गोष्टी सांभाळाव्यात, असे आम्हांस वाटते. आपल्या घराण्याचा शोध घेणाऱ्यालाही त्या उपयोगी पडतील.

पहिली गोष्ट तारखांची. मुंबईचे इंग्रज १७५२ पर्यंत जुनी जुलियन दिनदर्शिका वापरीत, तर पोर्तुगीज पोप तेरावे ग्रेगरी यांनी सुधारलेली. दोहोंत त्या शतकात अकरा दिवसांचे अंतर होते. त्यामुळे वसईची शरणागती पोर्तुगीज कागदात १६ मे, तर इंग्रजी कागदात ५ मे अशी दिसते. ठाणे पडल्याची तारीख कोणी मार्चची देतो, कोणी एप्रिलची, त्याचेही कारण हेच. मराठी पत्रांत तर तिथी, शक आणि सुहूर सन असा तिसराच हिशेब. दोन कागद भांडताना दिसले की एकाला लबाड ठरविण्याआधी दिनदर्शिका तपासावी.

दुसरी गोष्ट साक्षीदारांची. बखर ही घराण्याची आठवण असते. ती प्रेमाने लिहिलेली असते आणि पुष्कळदा हक्काच्या पुराव्यासाठीही. तिच्यात आपला पूर्वज मध्यभागी उभा असतो आणि पेशवेसुद्धा त्याच्या सल्ल्याने वागतात. याउलट पेशवे दप्तरातील पत्रे त्या त्या दिवशीची असतात, गो. स. सरदेसाई यांनी निवडून छापलेल्या खंडांपैकी एक खंड वसईच्या मोहिमेलाच वाहिलेला आहे. पत्रांत तारीख पक्की, पण लिहिणारे सरदार. वाट दाखविणाऱ्याचे नाव त्यांच्या लेखणीत क्वचितच उतरते. आणि पोर्तुगीज कागदांत हीच माणसे फितूर म्हणून येतात. एकाच गंगाजीला तीन ठिकाणी तीन चेहरे आहेत. बखरीने हेतू सांगावा, पत्राने दिवस सांगावा आणि शत्रूच्या कागदाने त्या हेतूची धार सांगावी. तिघांना समोरासमोर बसविल्याविना माणूस पुरता दिसत नाही.

तिसरी गोष्ट नात्याची, आणि ती आपल्याला अधिक जवळची. अंजूरचे नाईक घराणे पाचकळशी, म्हणजे सोमवंशी क्षत्रिय पाठारे समाजातले. वसईकडे याच समाजाला वाडवळ म्हणतात. या वाडवळांतील पुष्कळ कुटुंबे पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झाली. वसईतील आपल्या वाडवळ ख्रिस्ती बांधवांना हे नव्याने सांगायला नको. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपित्याचे आडनाव मिळाले, आणि कालचे नातलग आज परेरा, डिसोजा, रॉड्रिग्ज झाले. तेव्हा ज्या माणसाने पोर्तुगीजांविरुद्ध मराठ्यांना वाट दाखविली आणि जे ख्रिस्ती त्या दिवशी वसईत गुडघे टेकून प्रार्थना करीत होते, ते फार तर काही पिढ्यांपूर्वी एकाच ओटीवर जेवलेले असतील. वाडीतील पाणी पाजायची पद्धत एक, लग्नातील हळद एक, म्हातारीच्या तोंडची गाणी एक. दुसऱ्याचा म्हणून ज्याच्याकडे आपण पाठ फिरविली, तो आपल्याच भाऊबंदकीतला निघावा, हा इतिहासाचा खेळ आपल्याला नम्र करणारा आहे.

आता त्या मागे राहिलेल्यांकडे पाहू. वसईच्या तहात एक कलम असे होते की जे ख्रिस्ती येथेच राहू इच्छितात, त्यांना आपला धर्म मोकळेपणाने पाळता यावा. जिंकणाऱ्याने हरलेल्याच्या धर्माला दिलेले हे वचन होते. ज्यांनी धर्माच्या जाचाची तक्रार घेऊन युद्ध मागितले, त्यांच्या विजयानंतर दुसऱ्या धर्माला असे अभय मिळावे, ही घटना आमच्या मते साऱ्या मोहिमेतील सर्वांत मोलाची आहे. सगळे गोड झाले असे मात्र नाही. अनेक मंदिरे ओस पडली, त्यांच्या घंटा विजयचिन्हे म्हणून देशावर गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातील घंटेवर १७२१ हे साल आजही वाचता येते. वाईजवळच्या मेणवलीची घंटा १७०७ सालची असून तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या पवित्र मरियेची आकृती आहे. युरोपीय धर्मगुरू गेले आणि गोव्याचे मोजके एतद्देशीय धर्मगुरू एवढ्या मोठ्या कळपाला पुरे पडेनात.

तरीही कळप विखुरला नाही. १७६० साली आंकतील द्यु पेराँ हा फ्रेंच विद्वान साष्टीतून फिरला, तेव्हा मराठी अमलाखालच्या ठाण्यात ख्रिस्ती लोक आपला सण उघडपणे साजरा करताना त्याने पाहिले. वसई पडून एकवीस वर्षे झाली होती. राजा बदलला, सैन्य बदलले, पण जपमाळ तीच राहिली. ज्या श्रद्धेला सत्तेचे कुंपण लागत होते असे टीकाकार म्हणत, ती कुंपण गेल्यावरही टिकली. यात श्रेय कोणाचे? वेदीसमोर दिवा लावणाऱ्या, मुलांना प्रार्थना शिकविणाऱ्या, धर्मगुरू येईपर्यंत मृताजवळ बसून राहणाऱ्या अनाम स्त्रीपुरुषांचे. आणि थोडे श्रेय तहातले ते कलम पाळणाऱ्या राज्यकर्त्यांचेही.

पण हे अनाम का? गंगाजींचे नाव आपल्याला ठाऊक आहे आणि आपल्या त्या पूर्वजांचे नाही, याचे कारण शौर्यात शोधू नये. कारण कागदात आहे. नाईकांच्या घरी आठवण लिहून ठेवली गेली. आपल्याकडे लिहिण्याची जबाबदारी चर्चच्या नोंदवहीवर होती. त्रिदेंतच्या धर्मसभेने १५६३ साली विवाहाची नोंद सक्तीची केली, १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने प्रत्येक धर्मग्रामात कोणत्या वह्या असाव्यात ते ठरवून दिले. या वह्यांनी आपल्याला मोठे ऋणी केले आहे. पण वही किती सांगते? नाव, बापाचे नाव, धर्मपिता, धर्ममाता, तारीख. बाप्तिस्म्यापूर्वीचे आडनाव बहुधा नाही, कुळ नाही, त्या माणसाने काय सोसले ते नाही. आणि युद्ध, ओल, वाळवी यांच्या तडाख्यात कित्येक जुन्या वह्या नाहीशा झाल्या. ज्या उरल्या, त्यांतील लॅटिन व पोर्तुगीज अक्षर वाचणारे हात कमी होत आहेत.

वाचकहो, मत्तयकृत शुभवर्तमानाचा आरंभ आपण नाताळच्या सुमारास दरवर्षी ऐकतो. पुष्कळांना ती नावांची लांबलचक यादी कंटाळवाणी वाटते. पण मत्तयने त्या यादीत काय केले ते पाहा. प्रभूच्या वंशावळीत त्याने यरीहोची राहाब ठेवली, मवाबी रूथ ठेवली, उरीयाच्या पत्नीची आठवण ठेवली. परकी माणसे वगळली नाहीत, लाजिरवाणे प्रसंग पुसले नाहीत. लूक तर वंशावळ आदामापर्यंत नेऊन पोहोचवितो, म्हणजे अखेर साऱ्या मानवजातीला एकाच घरात आणून बसवितो. वंशावळ कशी लिहावी, याचा याहून चांगला पाठ आम्हांला सेमिनरीच्या वर्गातही मिळाला नव्हता.

तेव्हा आपल्या धर्मग्रामातील प्रत्येक कुटुंबाला आमची विनंती आहे. आजी-आजोबा हयात आहेत तोवर त्यांच्यापाशी बसा. घराला गावात कोणत्या नावाने हाक मारतात, लग्नात कोणाच्या दारी आधी विडा जातो, कोणत्या गावात मुलगी द्यायची नाही असा रिवाज होता, हे विचारा. आडनावाने पुसलेले कुळ अशा खुणांतून पुन्हा दिसू लागते. धर्मग्रामाच्या वहीतील नोंद धर्मगुरूंच्या परवानगीने उतरवून घ्या आणि सोबत सातबाऱ्याचा जुना उताराही पाहा. लिहिताना अमुक गोष्ट कोणी सांगितली आणि अमुक कोठल्या कागदात आहे, हे वेगवेगळे नोंदवा, म्हणजे नातवंडांना आठवण कोणती आणि पुरावा कोणता ते कळेल. आणि पूर्वज जबरदस्तीने ख्रिस्ती झाला अशी कथा घरात असेल तर तीही लिहा. तो लोभाने झाला, भीतीने झाला किंवा प्रभूच्या ओढीने झाला, जे ऐकले ते लिहा. आपली श्रद्धा त्याच्या हेतूवर उभी नाही. ती आपण प्रत्येकाने दृढीकरणाच्या दिवशी आपल्या तोंडाने स्वीकारलेली आहे.

आणि अंजूरफाट्यावर उतराल तेव्हा गंगाजी नाईकांची आठवण काढा. त्यांच्या वंशजांनी आपला पूर्वज जपला, याबद्दल त्यांचे अभिनंदन करायला हवे. त्यांच्या गाऱ्हाण्यात तथ्य होते, हे मान्य केल्याने आपला क्रूस हलका होत नाही. आणि आपल्या पूर्वजांनी १७३९ नंतर श्रद्धा राखली, हे त्यांनी मान्य केल्याने त्यांचा विजय लहान होत नाही. एका खाडीच्या दोन तीरांवरची ही माणसे होती. आता त्या खाडीवर पूल आहेत.